सूर्याचा आवाज किती उंचावर?

प्रा. श्रीधरपंत पांढरीपांडे यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते सूर्यावरचा स्फोट मोजत होते, आणि तो स्फोट मी होतो.

हे थोडे सविस्तर सांगायला हवे. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. नागपुरात अमरावती रोडवर वाडीच्या बाजूला एक प्राध्यापक लोखंडी जाळीची भली मोठी थाळी उभी करून सूर्याचा आवाज ऐकतात, अशी खबर आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत आली. संस्कृत पाठशाळेतून थेट बातमीदारीत पडलेला त्या कचेरीत मी एकटाच. त्यामुळे आकाशातले जे काही असेल ते माझ्या टेबलावर येई: अधिक मास, धूमकेतू, पावसाचे नक्षत्र, आणि आता हे पांढरीपांडे सर. मी स्कूटर काढली. गोदामांच्या मागे, एका बैठ्या खोलीपुढे ती थाळी दिसली. स्कूटर तिच्या बुडाशी नेली आणि इंजिन चालूच ठेवून आत गेलो. एकदा बंद केल्यावर पुन्हा सुरू व्हायचे की नाही याबद्दल त्या स्कूटरची स्वतःची मते असत.

आत चष्मा कपाळावर ढकललेले एक सडपातळ गृहस्थ सरकत्या कागदावर वाकून उभे होते. "बोलू नका," ते वर न बघता म्हणाले. "स्फोट होतोय." यंत्राचे पेन कागदाच्या वरच्या कडेला थडथडत होते. मी आदराने थांबलो, मथळाही मनात जुळवला. बराच वेळ झाला तसे पेट्रोल आठवले, म्हणून बाहेर जाऊन स्कूटर बंद करून आलो. पेन धपकन खाली आले होते. सरांनी कागदाकडे पाहिले, दाराकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"जरा तुमची स्कूटर सुरू करता का?"

केली. पेन उडाले.

"आता बंद करा."

केली. पेन पडले.

"असं," सर म्हणाले. "चहा घेणार?"

या गौरवग्रंथाच्या संपादकांनी लेखकांना बजावले आहे की प्रथम परिचय, मग कार्य, मग मूल्ये, मग व्यक्तिगत स्नेह, असा क्रम ठेवावा. परिचय झाला. कार्याविषयी बोलायचे तर आधी स्वभावाविषयी बोलावे लागते, कारण सरांचे कार्य आणि सरांची अस्वस्थता यांची फारकत आजवर कोणाला करता आलेली नाही. आमच्या काव्यशास्त्रात मनात कायम वस्तीला असणाऱ्या भावांना स्थायीभाव म्हणतात. त्यांच्या यादीत अस्वस्थता नाही. यादी करणाऱ्यांना पांढरीपांडे सर भेटले नव्हते एवढाच त्याचा अर्थ. सर खुर्चीवर बसत नाहीत, टेकतात. प्रतापनगरच्या घरी जेवताना ताटावरून दोनदा उठून घड्याळ बघून येतात. वर्गात शिकवताना त्यांच्या येरझाऱ्या इतक्या, की मागच्या बाकावरचे विद्यार्थी टेनिसचा सामना पाहिल्यासारखे मान हलवत असत.

असा माणूस आयुष्यभर शोधत होता शांतता. तीही कानाची नव्हे, यंत्राची. सूर्याभोवती जे विरळ, अतितप्त प्रभामंडल असते, ज्याला इंग्रजीत करोना म्हणतात, त्यातून रेडिओच्या लहरी निघतात. डोळ्यांना न दिसणारा हा सूर्याचा 'आवाज' सर्व बाजूंनी सारखा येत नाही. सूर्यावरच्या काळ्या डागांच्या वर, प्रभामंडलात, त्याचे जणू झरे असतात. ते कुठे आहेत, केवढे आहेत आणि डागाच्या किती उंचावर आहेत, हे मोजणे हा सरांचा ध्यास. पण पृथ्वीवर जिथे ठिणगी उडते तिथेही तसाच आवाज निघतो आणि सूर्याच्या आवाजात मिसळतो. सरांची पहिली थाळी लकडगंजात एका नातलगाच्या गच्चीवर होती. तिथे लाकूड कापणाऱ्या आरामशिनींच्या मोटारींनी सूर्य बुडवून टाकला. म्हणून सर शांत जागा शोधत वाडीला आले, तर त्यांच्या मागोमाग गोदामे आली, गॅरेज आली, ट्रकच्या बॉड्या बांधणारी वेल्डिंगची दुकाने आली. ट्रकवर मात्र त्यांचा राग नव्हता. "डिझेलचं इंजिन निष्पाप असतं, शास्त्रीबुवा," ते मला सांगत. "त्यात ठिणगी नसते. पापी ती तुमची स्कूटर."

शास्त्रीबुवा हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी दिलेले नाव. ते मी सोडवून घेऊ शकलेलो नाही.

त्यांच्या थाळीची मोठी अडचण अशी, की तिला सूर्याचा एकूण आवाज कळे, तो सूर्याच्या कोणत्या भागातून येतो ते कळत नसे. ते कळायला मैलभर पसरलेली यंत्रे लागतात, आणि सरांच्या महाविद्यालयाने त्यांना दिले होते एक कपाट. एका संध्याकाळी त्यांनी मला रस्त्याच्या कडेला उभे केले. पलीकडे चहा-भज्यांच्या टपऱ्यांवर गॅसबत्त्या लागल्या होत्या.

"डोळे अर्धे मिटा. आता बत्त्या वेगळ्या दिसतात?"

"नाही. नुसता उजेड."

"ही माझी थाळी. आता बघत राहा."

एक लांबलचक ट्रक आमच्या आणि टपऱ्यांच्या मधून सावकाश सरकू लागला. उजेड टप्प्याटप्प्याने कमी झाला. एकेक बत्ती झाकली गेली की एकेक पायरी उतरावी तसा. ट्रक पुढे गेल्यावर त्याच पायऱ्या चढत उजेड परत आला.

"बत्ती केव्हा झाकली आणि केव्हा उघडली एवढं नेमकं टिपलं, तर बत्ती कुठे आहे ते सांगता येतं. डोळे अर्धे मिटलेले असले तरी. मला फक्त ट्रक हवाय."

"सूर्यापुढून ट्रक?"

"चंद्र," सर म्हणाले, आणि ताबडतोब चालायला लागले, जणू चंद्र वाडी नाक्यावर येऊन थांबला होता.

तो आला ऐंशी सालच्या फेब्रुवारीत. दक्षिणेकडे ते सूर्यग्रहण खग्रास होते, आपल्याकडे खंडग्रास. देशोदेशीचे शास्त्रज्ञ दक्षिणेत उतरले. त्यांच्यातल्या एका मंडळीने सरांनाही सोबत बोलावले होते. प्रभामंडल साध्या डोळ्यांनी दिसण्याची ती संधी. ज्या गोष्टीवर उमेदीची वर्षे घालवली ती एकदा तरी बघावी असे कोणालाही वाटेल. सर गेले नाहीत. नागपुराहून चंद्राची कड थोड्या निराळ्या कोनातून सूर्यावर सरकणार होती. दक्षिणेतली रेघ आणि इथली रेघ एकमेकींना छेदल्या की झऱ्याची जागा पक्की होणार होती. त्यात सूर्याच्या कडेशी एक मोठा डाग आला होता. कडेच्या डागाचे महत्त्व असे, की डाग केव्हा झाकला आणि त्याचा आवाज केव्हा झाकला यांत फरक पडतो, आणि त्या फरकातून आवाज डागाच्या किती वर आहे ते निघते. सरांना हवी होती ती उंची. असे ग्रहण पुन्हा या देशात यायला फार वर्षे होती.

आता त्यांच्या हातून घडलेला घोटाळा सांगतो. अशा घोटाळ्याला अंगी मोठी सचोटी असावी लागते.

ग्रहणाच्या आधी सरांनी गावभर व्याख्याने दिली. ग्रहण म्हणजे सावली. घरात कोंडून घेऊ नका, कामे थांबवू नका, योग्य काच घेऊन बाहेर या आणि बघा. अध्यक्षस्थानी बहुतेक वेळा मीच असे, कारण राहू-केतूंच्या बाजूने बोलणारा कोणीतरी मंचावर असलेला बरा दिसतो. एका रिक्षावर भोंगा बसवून, सरांच्याच आवाजातली टेप लावून शहरभर प्रचाराची व्यवस्था झाली. सर खुशीत होते. आणि मग एका दुपारी वाडीच्या खोलीशेजारचे वेल्डिंगवाले गुलाबराव आले. दरवर्षी थोडा वेळ तरी यंत्र बंद ठेवा म्हणून सर ज्यांची मनधरणी करत, ते हे गुलाबराव.

"मास्तर, तुमचं भाषण ऐकलं ना मी," गुलाबराव म्हणाले. "घरवाली म्हणे, ग्रहणात दुकान बंद ठेवा. आमच्या बापानं बी कधी ग्रहणात भट्टी नाही पेटवली. म्हटलं, काहून? मास्तर सांगून राहिले का सावली आहे नुसती. मी तं चालू ठेवणार. एका ट्रकची बॉडी द्यायचीच आहे त्या दिवशी."

"चांगलं केलंत," सर म्हणाले. इतक्या बारीक आवाजात मी त्यांना कधीच बोलताना ऐकले नव्हते.

गुलाबराव गेल्यावर सरांनी खोलीला फेऱ्या घालायला सुरुवात केली. वेल्डिंगच्या एका ठिणगीने कागद काळा होतो. इथे दुपारभर ठिणग्यांचा वर्षाव होणार होता. आणि गुलाबरावच कशाला? व्याख्याने जितकी पटतील तितक्या स्कूटरी, रिक्षा, मोटारी त्या दुपारी रस्त्यावर येणार होत्या. लोकांनी ऐकले तर मोजमाप बुडाले, न ऐकले तर व्याख्याने.

मी म्हणालो, "सर, गुलाबरावांचं माझ्याकडे सोपवा. ग्रहणकाळी लोह तापवू नये अशा अर्थाचे दोन श्लोक संध्याकाळपर्यंत पाडतो. जुने वाटतील याची हमी."

ते थांबले. सर थांबले की माणसाने सावध व्हावे.

"त्या माणसाची पिढ्यांची भीती गेलीय, शास्त्रीबुवा. माझ्या सोयीसाठी ती त्याला परत देऊ?"

आणि तसेच तडक दुकानात गेले. मागोमाग मी. सरांनी काहीही आडपडदा न ठेवता सगळे सांगितले: ठिणगी, आवाज, चंद्राची कड. गुलाबरावांनी हातातली कांडी खाली ठेवली.

"म्हणजे मी भेलो असतो तं तुमचं काम झालं असतं."

"हो."

"अन आता मी भेत नाही तं तुमचं काम बिघडते."

"हो."

"मंग हे स्टेजवरून काहून नाही सांगितलं जी? बाहेर या, पण मशिनी बंद करून या?"

सर माझ्याकडे बघू लागले. मी छताकडे.

"ठेवतो बंद," गुलाबराव म्हणाले. "पण घरवालीले वाटन का मी भेलो. तिले तुम्ही येऊन सांगाचं, का हा भेला नाही, मास्तरसाठी बंद ठेवून राहिला."

त्या संध्याकाळी गुलाबरावांच्या ओट्यावर बसून प्रा. पांढरीपांडे यांनी एका गृहिणीला सूर्याच्या प्रभामंडलाची रचना समजावून दिली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. "कारण कोनतंही असो," ती म्हणाली, "दुकान बंद राहीन ना? मंग झालं." ट्रकच्या मालकालाही सर स्वतः जाऊन भेटले आणि बॉडीला उशीर का होणार ते तितक्याच तपशिलात सांगितले. गुलाबरावांच्या सांगण्यानुसार त्या मालकाने पुढे कधी उशिराबद्दल तक्रार केली नाही. तक्रार केली तर मास्तर पुन्हा येतील, अशी त्याला धास्ती होती.

एक अडचण उरली. थाळी सूर्यामागे फिरवणारी मोटार स्वतःच ठिणग्या टाकी. म्हणून त्या दिवशी ती दांडा फिरवून हाताने सरकवायची होती, अगदी सारख्या अंतराने. हे काम सरांच्या हाती दिले असते तर थाळी सूर्याच्या आधी मावळली असती. शिवाय त्यांना पेनापासून हलता येत नव्हते. तेव्हा पुढे आल्या आमच्या वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी सुशीलाबाई. सरांची व्याख्याने त्यांनी सगळी ऐकली होती आणि ग्रहणाचा उपास, जप, स्नान यांतले काहीही सोडले नव्हते.

"ग्रहणात मी जपाला बसणार," त्या म्हणाल्या.

"बसा ना. दांड्याजवळ बसा," मी म्हणालो.

ठरले असे: एक माळ पुरी झाली की दांडा चाकाच्या एका दाताएवढा पुढे. सरांनी आदल्या आठवड्यात घड्याळ लावून वहिनींची माळ तपासली. मग मला बाजूला घेऊन, काहीशा कष्टाने म्हणाले, "मोटारीपेक्षा नियमित आहे हो."

ग्रहणाच्या दुपारी वाडीचा रस्ता मी पाहिला तसा पुन्हा कधी पाहिला नाही. दारे बंद, टपऱ्या बंद, एकही वाहन नाही. स्नान करून पाठीवर ओले फडके टाकून कोणी गप्प बसावे तसे गाव बसले होते. आत यंत्राची रेघ अशी स्वच्छ चालली होती की जणू शाईने नव्हे, श्वासाने काढली आहे. सर तिच्याकडे बघत म्हणाले, "माझं भाषण कोणीच ऐकलेलं दिसत नाही, शास्त्रीबुवा." हे त्यांनी आनंदाने म्हटले की दुःखाने, ते मला आजही सांगता येणार नाही.

बाहेर मात्र एक टोळके होते: गुलाबराव आणि त्यांचे कामगार. वेल्डिंगच्या मुखवट्यांतली काच सरांनी आधी स्वतः तपासली होती, पुरेशी काळी नव्हती तिथे दोन काचा एकावर एक बसवायला लावल्या होत्या. ती लोखंडी तोंडे वर करून मंडळी बघत होती. "लागलं रे, लागलं," कोणीतरी म्हणाले. आत पेन उतरू लागले. मग एका ठिकाणी ते एकदम पायरी उतरले. सरांनी माझा दंड धरला. कडेचा झरा झाकला गेला होता. थोड्या वेळाने दुसरी पायरी, मग तिसरी. उजेड पितळेसारखा झाला. दांड्याजवळ वहिनींची माळ चालू होती.

मग चंद्र बाजूला होऊ लागला. कडेचा झरा उघडायचा क्षण जवळ आला. सर ज्या क्षणासाठी दक्षिणेला गेले नाहीत तो हा. आणि दूरवरून, निर्मनुष्य अमरावती रोडवरून, एक परिचित आवाज येऊ लागला.

"बंधूंनो आणि भगिनींनो, ग्रहण ही केवळ सावली आहे..."

पेन थरथरले, मग वर उडाले. प्रचाराची रिक्षा. तिने दुपारपूर्वी काम आटोपून घरी जायचे होते. पण रिक्षावाल्याने मनात धरले, की आपण किती निष्ठेने फिरतो आहोत हे खुद्द सरांना दाखवावे.

"गुलाबराव," सर ओरडले. मला वाटते त्यांच्या आयुष्यातली ती एकच आरोळी.

गुलाबराव धावले आणि हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. तोंडावरचा मुखवटा काढायला त्यांना सुचले नाही. सकाळपासून ओस गावातून एकटा फिरणारा तो रिक्षावाला, तो पितळी उजेड, आणि समोर लोखंडाच्या तोंडाचा, आडवा आलेला धिप्पाड देह. त्याने रिक्षा तशीच टाकली आणि शेतातून पळत सुटला. इंजिन चालू. टेप चालू. "घाबरण्याचे काही कारण नाही," सरांचा आवाज त्याच्या पाठीवर सांगत होता. "निर्भयपणे बाहेर या."

"अरे थांब गा, मी गुलाबराव होय," गुलाबराव मुखवट्याच्या आतून सांगत होते. मग ते रिक्षाचे बटन शोधू लागले. ट्रकची अख्खी बॉडी बांधणाऱ्या माणसाला रिक्षाचे बटन सापडेना. सापडले तेव्हा पेन खाली आले, पण वरच्या पायरीवर. झरा उघडून गेला होता. कधी उघडला, ते कागदावरच्या काळ्या शाईच्या डागाखाली राहिले.

बाकीच्या पायऱ्या मात्र नीट चढल्या, कारण या सगळ्या गोंधळात थाळी सूर्यावरून केसभरही ढळली नव्हती. वहिनींनी मान वर करून पाहिलेसुद्धा नव्हते.

ग्रहण सुटल्यावर रिक्षावाला चोरासारखा परत आला. सरांनी त्याला बसवून चहा दिला आणि कागद दाखवला. "ही तुमची सही," म्हणाले. रागावले नाहीत. तो गेल्यावर मी विचारले, रागावला का नाहीत? "कोणावर रागावू? रिक्षा मी लावली. टेपवर मी बोललो. ऐकलं मात्र त्या एकट्यानं."

पुढे दक्षिणेच्या मंडळींचे पत्र आले. मोजमाप उत्तम आहे, मधला डाग तेवढा हाताने रेघ ओढून जोडून टाकावा, दोन्ही टोके दिसतातच. सरांनी पेन्सिलने ती रेघ ओढून पाहिली. मी तिथेच होतो. तिच्यावरून उंची निघाली असती, निबंध पूर्ण झाला असता. मग सरांनी खोडरबर मागितले.

"काय झालं? चांगली तर आलीय."

"फारच चांगली आलीय. मला जशी हवी होती तशी. म्हणून पुसतोय."

निबंध छापून आला तो मधली जागा मोकळी ठेवून, खाली 'येथे स्थानिक अडथळा' एवढे लिहून. उंचीबद्दल त्यात एवढेच आहे, की झरा अमुक एका रेषेवर कुठेतरी होता. मूळ कागद आजही प्रतापनगरच्या घरी आहे. पुसलेल्या जागी तो इतका विरला आहे की उजेडापुढे धरला तर पलीकडचे दिसते.

सर आता साठ वर्षांचे झाले. महाविद्यालय त्यांना विश्रांती घ्या म्हणते. ज्यांनी त्यांना ओळखले नाही ते असेच म्हणणार. तो झरा केव्हाच आटला, त्या डागाचीही खूण उरली नाही, पण प्रश्न आहे तिथेच आहे, आणि त्यापायी सर अजून ताटावरून उठतात. परवा मी पंचांग घेऊन गेलो. पुढच्या दशकात एक सूर्यग्रहण आहे, ऐन दिवाळीच्या अमावास्येला. सरांना ते पाठ होते. "वय झालेलं असेल हो," ते म्हणाले. पण पायांनी तेव्हाच फेऱ्या सुरू केल्या होत्या. वहिनी आतून म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना सांगा, मी फराळाचं आधी करून ठेवीन. माळ आहे माझ्याकडे." गुलाबरावांना विचारले, तर ते म्हणाले, "बंद ठेवतो ना. पण ह्या वक्ती रिक्षा लावू नका म्हना मास्तरले."

एरवी अशा लेखाच्या शेवटी मी शंभर शरद ऋतू मागितले असते; पाठशाळेत ते तोंडपाठ करून घेत. पण सरांना गोल आकड्यांचा तिटकारा आहे. म्हणून मागणे नेमके करतो. त्या दिवाळीच्या सकाळी पांढरीपांडे सरांची नजर, हात आणि फेऱ्या आजच्यासारख्याच शाबूत असोत. वहिनींची माळ तशीच चालो. रस्ते ओस असोत, लोक भीतीपोटी घरात बसलेले नसोत, तर इंजिने बंद करून बाहेर आलेले असोत. आणि चंद्र बाजूला होऊ लागेल तेव्हा सर्वांनी क्षणभर गप्प राहावे. मी चालत येईन.